क्लाउड दोन असोत की तीन, आधी बाहेर पडता आलं पाहिजे

२२ जुलै २०२५च्या सुमारास नायरा एनर्जी या तेल कंपनीतल्या लोकांचं ऑफिसचं ईमेल उघडेनासं झालं. मीटिंग आणि चॅटसाठीचं मायक्रोसॉफ्टचं टीम्सही बंद पडलं. सर्व्हर जळाला नव्हता, केबल तुटली नव्हती आणि कंपनीच्या म्हणण्यानुसार परवान्यांचे पैसे पूर्ण भरलेले होते. झालं होतं एवढंच की १८ जुलैला युरोपियन युनियनने रशियावर नवे निर्बंध लादले आणि त्या यादीत नायराचं नाव आलं, कारण कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचा ४९.१३ टक्के हिस्सा आहे. मायक्रोसॉफ्टने सेवा थांबवली. गुजरातेत वाडीनारला वर्षाकाठी २ कोटी टन तेल शुद्ध करणारी, देशभर ६ हजारांहून अधिक पंप चालवणारी ही कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि आमचाच डेटा आम्हाला मिळत नाही, असं तिने तिथे सांगितलं. मधल्या काळात ईमेल रेडिफवर हलवल्याच्या बातम्या आल्या. महिना संपायच्या आत मायक्रोसॉफ्टने सेवा पूर्ववत केली आणि प्रकरण वर्तमानपत्रांतून मागे पडलं.

ते मागे पडू नये असं मला वाटतं. भारतातल्या कायद्याचा एकही नियम न मोडता, भारतात काम करणाऱ्या कंपनीचं कामकाज तिसऱ्याच खंडातल्या एका निर्णयाने अडलं. त्यानंतर काही महिन्यांतच, २० ऑक्टोबरला ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातल्या केंद्रात डायनॅमोडीबी या डेटाबेस सेवेचे पत्ते सांभाळणारी स्वयंचलित यंत्रणा गडबडली आणि जगभरच्या असंख्य सेवा तासन् तास आडव्या झाल्या. २९ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअरवर सेटिंगमधल्या एका चुकीच्या बदलाने तेच घडलं. त्या शरद ऋतूपासून आपल्याकडच्या प्रत्येक आयटी बैठकीत एक शब्द हमखास ऐकू येतो: मल्टी-क्लाउड. म्हणजे एकाच कंपनीच्या क्लाउडवर, इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हर आणि साठवणीवर, सगळं न ठेवता दोन-तीन कंपन्यांच्या सेवा एकत्र वापरायच्या. विकणाऱ्यांची सादरीकरणं तयार असतात, संचालक मंडळं घाबरलेली असतात, आणि टेंडरमध्ये एक ओळ वाढते.

काळजी रास्त आहे. पण त्या ओळीने ती मिटत नाही, उलट मिटल्याचा भास होतो, आणि बँका, पतसंस्था, रुग्णालयं, महापालिका अशा लोकांच्या भरवशावर चालणाऱ्या संस्थांसाठी तो भास घातक आहे. म्हणून हा लेख.

धोके दोन प्रकारचे आहेत आणि आपण ते सरसकट एकाच पोत्यात भरतो. पहिला धोका सेवा काही तास बंद पडण्याचा. तो त्रासदायक आहे, पण जिल्ह्याच्या ठिकाणची नागरी बँक सहा तास बंद राहिली म्हणून बुडत नाही. वीज गेली, लीज्ड लाइन तुटली, पुराचं पाणी आलं, अशा दिवशी शाखा हातपावत्यांवर काम चालवतात आणि संध्याकाळी नोंदी चढवतात. दुसरा धोका वेगळाच आहे: आपला डेटा, आपलं खातं, आपला प्रवेशच हातातून जाण्याचा. निर्बंध, वाद, थकलेलं बिल, चुकून पुसलं गेलेलं खातं, बुडालेला व्हेंडर, खंडणीखोरांनी लॉक केलेली सिस्टिम. यात वाट बघून काही होत नाही, कारण ज्याची वाट बघायची तो परत येईलच याची खात्री नसते. मल्टी-क्लाउडच्या नावाने जो पैसा आणि जी माणसं खर्ची पडतात ती बहुतेक पहिल्या धोक्यामागे. संस्था संपवण्याची ताकद असते ती दुसऱ्यात.

ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं उदाहरण माझ्या मते या विषयातलं सर्वांत शिकवणारं आहे. सुमारे १२५ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरचा निधी, ५ लाखांहून अधिक सभासद, बहुतांश विद्यापीठांतले लोक. मे २०२४मध्ये गूगल क्लाउडवरचं त्यांचं प्रायव्हेट क्लाउड पुसलं गेलं. हल्ला झाला नव्हता. उभारणीच्या वेळी गूगलच्या बाजूने वापरलेल्या एका अंतर्गत साधनात एक रकाना रिकामा राहिला, त्यामुळे यंत्रणेने ठरावीक मुदत धरली, आणि मुदत संपल्यावर कोणतीही सूचना न देता सगळं आपोआप काढून टाकलं. युनिसुपरने दोन भौगोलिक ठिकाणी प्रत ठेवली होती. संयुक्त निवेदनात दोन्ही संस्थांच्या प्रमुखांनी सांगितलं की सबस्क्रिप्शन पुसलं गेल्यामुळे दोन्ही ठिकाणचं गेलं. सभासदांना आठवडाभर आपलं खातं बघता आलं नाही. पण फंड पुन्हा उभा राहिला, कारण त्यांनी दुसऱ्या एका सेवापुरवठादाराकडे बॅकअप ठेवले होते. गूगलने नंतर स्पष्ट केलं की त्यांच्याच स्टोरेज सेवेतले बॅकअपही शाबूत होते आणि फेरउभारणीत कामी आले. तेही महत्त्वाचं आहे. तरीही मला विचाराल तर दुसऱ्याकडच्या प्रतीचं मोल त्याने कमी होत नाही. ज्या दिवशी खातं गायब झालं त्या दिवशी आत काय उरलंय हे बाहेरून कुणालाच कळत नव्हतं, आणि आपल्या हाती काहीतरी आहे हे छातीठोकपणे म्हणता येत होतं ते फक्त बाहेरच्या प्रतीबद्दल.

युनिसुपर दोन क्लाउडवर रोज समांतर चालत नव्हतं. त्यांच्याकडे दुसऱ्याकडची प्रत होती आणि ती उघडता येत होती, एवढंच.

आता उलटं उदाहरण, आपल्या वांद्रे-कुर्ला संकुलातलं. २४ फेब्रुवारी २०२१ला राष्ट्रीय शेअर बाजार, म्हणजे एनएसई, सकाळी ११.४०ला बंद पडला आणि व्यवहार पुन्हा सुरू झाले ते दुपारी पावणेचारला, वेळ पाचपर्यंत वाढवून. एनएसईकडे आपली दोन केंद्रं जोडायला दोन वेगवेगळ्या टेलिकॉम कंपन्यांच्या लाइन होत्या. कागदावर बघितलं तर अगदी आदर्श मांडणी. पण दोन्ही कंपन्यांच्या लाइनमध्ये एकाच वेळी बिघाड आला. एनएसईने नंतर सांगितलं की दोन केंद्रांमधल्या रस्त्यावर चाललेलं खोदकाम हे त्याचं मुख्य कारण होतं. त्यात स्टोरेज यंत्रणा अपेक्षेप्रमाणे वागली नाही आणि जोखीम मोजणारी प्रणाली कोसळली. पुरवठादार दोन, करार दोन, बिलं दोन, आणि रस्त्यावर पडणारी कुदळ एक. घराची दुसरी किल्ली करून ती त्याच जुडग्यात अडकवावी, तसं हे झालं.

मल्टी-क्लाउडचा प्रश्न मला म्हणूनच असा विचारावासा वाटतो: तुमच्या दोन पुरवठादारांमध्ये सामाईक काय आहे? मायक्रोसॉफ्टचं मध्य भारताचं केंद्र पुण्यात २०१५पासून आहे. ॲमेझॉनचं मुंबईत २०१६पासून, गूगलचं मुंबईत २०१७पासून. ज्यांना ग्राहक जवळ हवेत ते मुंबई निवडतात, आणि मुंबई म्हटलं की डेटा सेंटर उभी आहेत ती बरीचशी ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल, चांदिवली, पवई या पट्ट्यात. १२ ऑक्टोबर २०२०ला ग्रिड कोसळलं तेव्हा मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. डेटा सेंटर डिझेलवर चालतात हे खरं, पण डिझेलचा टँकर ज्या रस्त्याने यायचा तो रस्ता २६ जुलै २००५ला कसा होता हे मुंबईकराला सांगायला नको. दोन क्लाउड घेऊन दोन्ही मुंबईतच ठेवले तर विजेचा आणि पुराचा धोका तसाच राहतो. आज ॲमेझॉनचं हैदराबादला आणि गूगलचं दिल्लीला केंद्र आहे, त्यामुळे हे टाळता येतं. टाळलं जातं का, हे मात्र कुणी विचारत नाही.

सामाईक गोष्ट कधी दिसतही नाही. १८ नोव्हेंबर २०२५ला वेबसाइटकडे येणारी वाहतूक सांभाळणारं क्लाउडफ्लेअर अडलं, तेव्हा ज्यांचे सर्व्हर ठणठणीत होते त्यांच्याही वेबसाइट उघडेनात, कारण दारात उभा राहणारा पहारेकरी एकच होता. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळी पडली. त्या दिवशी भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तिथे तीन क्लाउड असते तरी तिन्हींवर तेच सुरक्षा सॉफ्टवेअर असतं.

दोन्ही क्लाउडवर सगळं समांतर चालवायचं, एक पडला की दुसरा क्षणात सांभाळेल, हे ऐकायला छान वाटतं. हे जमवणाऱ्या संस्था आहेत आणि त्यांना त्याची गरजही आहे. पण त्याची किंमत मी जवळून बघतो. मी पुण्यात सहकारी बँका आणि पतसंस्थांच्या सिस्टिम्सचं काम करतो. दोन क्लाउड म्हणजे परवानग्यांच्या दोन वेगळ्या पद्धती, फायरवॉलच्या दोन भाषा, लॉग ठेवण्याचे दोन प्रकार, दोन बिलं आणि ती समजणारी माणसं. अशी माणसं छोट्या संस्थेत नसतात. एक मुलगा असतो, जो प्रिंटरही बघतो आणि कोअर बँकिंग, म्हणजे खात्यांची मुख्य सिस्टिमही. त्याच्या डोक्यावर दुसरा क्लाउड टाकला की कुठेतरी एक स्टोरेज चुकून सगळ्यांना उघडं राहतं. अनेक ठिकाणी बाहेरच्या हल्ल्याआधी असली एखादी उघडी खिडकीच पुरेशी ठरते. शिवाय दोन्हीकडे चालायचं तर दोघांत जे समान आहे तेवढंच वापरायचं. म्हणजे क्लाउडवर जाण्यामागचं अर्धं कारण, तयार मिळणाऱ्या चांगल्या सेवा, आपणच सोडून द्यायच्या. आणि एकाच खात्यातली शिल्लक दोन ठिकाणी एकाच क्षणी अचूक ठेवणं हे काम जगातल्या मोठमोठ्या टीम्सचा घाम काढतं. आपल्या तालुक्याच्या पतसंस्थेवर ते लादणं अन्यायाचं आहे.

पण म्हणून काहीच करायचं नाही, असंही नाही. करायचं ते छोटं आहे आणि सक्तीचं असलं पाहिजे. डेटाची ताजी प्रत दुसऱ्या पुरवठादाराकडे, दुसऱ्या शहरात, वेगळ्या खात्यावर, वेगळ्या किल्लीने बंद केलेली. आणि ती प्रत उघडून त्यावर संस्था उभी करून बघायची, वर्षातून निदान दोनदा.

ही उघडून बघण्याची पायरी सगळे गाळतात. एका पतसंस्थेत आम्ही ती केली, त्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो. शनिवारी डे-एंड झाला, शाखांनी हिशेब बंद केले, आणि आम्ही बसलो. नियम एकच होता: पहिल्या पुरवठादाराचं खातं आजपासून अस्तित्वातच नाही असं धरायचं. तिथे लॉगिन करायचं नाही, तिथलं काही उघडायचं नाही. व्यवस्थापक मॅडमना त्यात काही विशेष वाटत नव्हतं. त्या म्हणाल्या, "सर, बॅकअप झाल्याचा मेल तर रोज येतो की." खरंच येत होता. दुसऱ्या क्लाउडवर बॅकअपची फाइल होती, आकार बरोबर होता, तारीख कालची होती. पण फाइल एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी होती आणि तिची किल्ली पहिल्या पुरवठादाराच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या सेवेत होती. म्हणजे जे खातं आज नाही असं धरलं, त्यातच. खोलीत बसलेले दोन संचालक तोवर चहा घेत गप्पा मारत होते, ते गप्प झाले.

त्या रात्री सगळं तिथेच थांबलं. किल्लीची प्रत लिफाफ्यात घालून तिजोरीत ठेवायची व्यवस्था केली, दोन अधिकाऱ्यांच्या सह्यांशिवाय तो लिफाफा उघडायचा नाही असं ठरलं, आणि पुढच्या खेपेला फाइल उघडली. मग पुढचे अडथळे एकेक करून समोर आले. डेटाबेस पहिल्या पुरवठादाराच्या खास आवृत्तीचा होता, त्यातली दोन-तीन वैशिष्ट्यं कुठेही चालणाऱ्या साध्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये चालेनात; व्हेंडरच्या प्रोग्रामरला ती बदलून द्यावी लागली. एसएमएस पाठवणाऱ्या कंपनीने फक्त जुन्याच सर्व्हरचा पत्ता मंजूर यादीत ठेवला होता, त्यामुळे ओटीपी जाईनात, आणि नवा पत्ता घालायला त्यांच्याकडे लेखी अर्ज आणि कामाचे दोन दिवस लागत. सर्वांत काळजीची गोष्ट डोमेनची निघाली. संस्थेच्या वेबसाइटचं नाव ज्या खात्यावर नोंदलेलं होतं त्याचा ओटीपी जात होता व्हेंडरच्या एका माजी कर्मचाऱ्याच्या खासगी मोबाइलवर. तो भला माणूस होता, त्याने सहकार्य केलं. पण संस्थेचा पत्ताच एका परक्या खिशात होता आणि कुणाला ते माहीतही नव्हतं.

शेवटी जेव्हा दुसऱ्या क्लाउडवर सिस्टिम उभी राहिली आणि मॅडमनी तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकींचा ताळा काढला, ती जुन्या सिस्टिमच्या तेरजेशी पैशापैशाला जुळली. त्यानंतर व्यवस्थापनात जो फरक पडला तो मी अजून बघतो आहे. आता व्हेंडरशी दरवाढीची चर्चा होते तेव्हा संस्थेची माणसं वेगळ्या आवाजात बोलतात, कारण वेळ आली तर निघता येईल हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय.

सहकारी बँकांच्या बाबतीत एक अडचण आणखी आहे. त्यांचा पुरवठादार क्लाउड कंपनी नसतेच. तो असतो कोअर बँकिंग पुरवणारा व्हेंडर, जो अनेक बँकांची सिस्टिम एकत्र चालवतो. कोणत्या क्लाउडवर, कोणत्या शहरात, हे बँकेला बऱ्याचदा ठाऊक नसतं. ३१ जुलै २०२४ला याचं दर्शन झालं. सी-एज टेक्नॉलॉजीज या, प्रामुख्याने सहकारी आणि ग्रामीण बँकांना सेवा देणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे सिस्टिम लॉक करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा हल्ला झाल्याचं लक्षात येताच यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला पेमेंट यंत्रणेपासून तात्पुरतं तोडलं. ते योग्यच केलं, नाहीतर संसर्ग पसरला असता. पण सुमारे ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांचं यूपीआय आणि एटीएम त्या काळात थांबलं. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. देशाच्या एकूण पेमेंटमध्ये या बँकांचा वाटा नगण्य आहे असं तेव्हा सांगितलं गेलं, आणि आकड्यात ते खरंही असेल. पण ज्या गावात तीच एक बँक आहे, तिथे दूध संघाचं पेमेंट ज्या खात्यात येतं त्या माणसाला टक्केवारीशी काय घेणं?

या ३०० बँकांनी प्रत्येकी दोन क्लाउड घ्यावेत असं कुणी म्हणणार नाही. पण त्या प्रत्येकीला आपल्या खातेदारांच्या शिलकीची आदल्या रात्रीची प्रत, व्हेंडरच्या हाताबाहेर, स्वतःच्या ताब्यात, वाचता येईल अशा रूपात मिळालीच पाहिजे. करारात ते लिहिलेलं असलं पाहिजे. माझ्या बघण्यात असे करार आले आहेत ज्यांत डेटा बँकेचा आहे असं एक वाक्य असतं आणि तो कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत, किती पैशात परत मिळेल याबद्दल अवाक्षर नसतं. वाद झाला की व्हेंडर हजारो टेबलांचा डंप हातात ठेवतो, ज्याचा अर्थ फक्त त्याच्याच प्रोग्रामरला लागतो.

यावर दोन उत्तरं नेहमी ऐकू येतात. एक म्हणजे क्लाउड नकोच, आपला सर्व्हर आपल्या इमारतीत बरा. दक्षिण कोरियाच्या सरकारने ते करून पाहिलं. २६ सप्टेंबर २०२५ला देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्यांना आग लागली, सातशेहून अधिक सरकारी सेवांना फटका बसला, आणि सरकारी कर्मचाऱ्यांची कागदपत्रं साठवणाऱ्या जी-ड्राइव्हमधला ८५८ टेराबाइट डेटा कायमचा गेला, कारण एवढ्या मोठ्या साठ्याचा बाहेर बॅकअपच नव्हता. इमारत स्वतःची होती, माणसं स्वतःची होती, देश तंत्रज्ञानात पुढारलेला होता. दुसरी प्रत मात्र नव्हती. दुसरं उत्तर स्वदेशीचं. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची ईमेल झोहोच्या प्रणालीवर गेली आहेत, आणि नायरानंतर ही दिशा समजण्यासारखी आहे. परदेशी निर्बंधांचा धोका त्याने खरोखर कमी होतो आणि मला त्याचा आनंद आहे. पण एका परदेशी कंपनीच्या जागी एक देशी कंपनी आली तरी कंपनी एकच राहते. आग, चूक, वाद, दिवाळखोरी या गोष्टी पासपोर्ट बघून येत नाहीत.

खर्चाचं बोलू, कारण प्रत्येक संचालक मंडळात शेवटी गाडी तिथेच येते. क्लाउडवर डेटा टाकणं साधारणपणे फुकट असतं, बाहेर काढायला पैसे पडतात. ॲमेझॉनच्या मुंबई केंद्रातून इंटरनेटवर डेटा बाहेर काढण्याचा सुरुवातीच्या टप्प्याचा दर जीबीमागे साधारण ११ सेंट. मध्यम पतसंस्थेचा डेटाबेस ५०० जीबी धरला तर पूर्ण प्रत एकदा बाहेर न्यायला ५ हजार रुपयांच्या आसपास लागतात, आणि मग रोज फक्त त्या दिवसातला बदल न्यायचा. १० टेराबाइट असेल तर एकदाचे लाखभर रुपये. वार्षिक सभेच्या जेवणावर याहून जास्त खर्च करणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत. तेव्हा परवडत नाही हे कारण छोट्या संस्थेपुरतं तरी टिकत नाही. मोठ्या डेटाचं गणित वेगळं आहे, एक्सरे-एमआरआयची चित्रं साठवणाऱ्या रुग्णालयांना हा दर खरंच टोचतो, आणि तिथे सरकारने हस्तक्षेप करायला हवा.

हस्तक्षेपाने फरक पडतो हे दिसलंय. युरोपियन युनियनचा डेटा कायदा १२ सप्टेंबर २०२५पासून लागू झाला. क्लाउड बदलायचा असेल तर पुरवठादाराने मदत करायची, आणि १२ जानेवारी २०२७पासून त्यासाठी शुल्क घ्यायचं नाही, असं त्यात आहे. कायदा येणार हे दिसताच २०२४च्या सुरुवातीला गूगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनीही कायमचं सोडून जाणाऱ्या ग्राहकांना बाहेर पडण्याचं शुल्क माफ केलं. पुढे गूगलने युरोपियन युनियन आणि ब्रिटनमधल्या ग्राहकांना दोन क्लाउड समांतर वापरतानाची डेटा वाहतूकही मोफत करून दिली. भारतातल्या ग्राहकाला ती शेवटची सवलत नाही, कारण आपण ती मागितलेली नाही. एवढ्या मोठ्या बाजारपेठेने न मागावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. सेबीने मार्च २०२३मध्ये क्लाउडसाठी चौकट आखली, त्यात एकाच पुरवठादारात अडकण्याचा आणि अनेकांनी एकावरच अवलंबून राहण्याचा धोका नोंदलेला आहे. एनएसईच्या त्या दिवसाचा धडाही सेबी विसरली नाही. १ एप्रिल २०२५पासून एनएसई आणि बीएसई, एकमेकांचे स्पर्धक, अडचणीच्या वेळी एकमेकांची पर्यायी जागा आहेत, आणि कुणी कुणाला कधी कळवायचं ते आधीच ठरलेलं आहे. मला हे उदाहरण फार आवडतं. पर्याय आधी नेमलेला आहे आणि तो वापरण्याची पद्धत लिहिलेली आहे.

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३मध्ये आयटी सेवा बाहेरून घेण्याबद्दल सविस्तर निर्देश काढले. बाहेर पडण्याची योजना हवी, डेटा परत मिळायला हवा, सगळं त्यात होतं. पण त्यांतून टियर १ आणि टियर २च्या नागरी सहकारी बँका, म्हणजे १ हजार कोटींपर्यंत ठेवी असलेल्या बँका, वगळल्या गेल्या. छोट्यांवर कागदपत्रांचा बोजा नको हा हेतू चांगला होता. परिणाम असा की ज्यांच्याकडे माणसं कमी, पैसा कमी, व्हेंडरपुढे आवाज कमी, त्यांच्याच हातात कराराच्या वेळी दाखवायला नियम नाही. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य नागरी बँका याच दोन टियरमध्ये आहेत. पतसंस्था तर रिझर्व्ह बँकेच्या कक्षेतच नाहीत. त्या पुण्यातल्या सहकार आयुक्तांच्या अखत्यारीत येतात.

म्हणजे इथे दिल्लीकडे बघत बसायचं कारण नाही. सार्वजनिक क्लाउड वापरण्याचं धोरण जानेवारी २०१८मध्ये आणणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य होतं. जे सरकार क्लाउडवर जायला सांगण्यात पहिलं होतं, त्याने तिथून सुखरूप बाहेर पडायची तरतूद करण्यातही पहिलं असावं. सहकार आयुक्तांनी एक परिपत्रक काढलं तरी पुरेल. पतसंस्थेच्या वैधानिक लेखापरीक्षणात लेखापरीक्षकाने तीन गोष्टी तपासाव्यात: दुसऱ्या पुरवठादाराकडे प्रत आहे का, तिची किल्ली संस्थेच्या ताब्यात आहे का, आणि गेल्या वर्षभरात ती प्रत उघडून तेरीज जुळवली का. जुळवली नसेल तर त्याचा परिणाम लेखापरीक्षणाच्या वर्गवारीवर व्हावा. 'अ' वर्गासाठी संस्था जिवाचं रान करतात, त्यामुळे काम होईल. सरकारी खात्यांच्या आणि महापालिकांच्या टेंडरमध्ये मल्टी-क्लाउड असा शब्द घालण्यापेक्षा शेवटचं बिल अदा करण्यापूर्वी ठेकेदाराने सिस्टिम दुसऱ्या पुरवठादाराकडे उभी करून दाखवावी, अशी अट घालावी. कागदावरची मल्टी-क्लाउडची ओळ कुणीही लिहून देतो. ही अट पाळायला सिस्टिम मुळात तशी बांधावी लागते.

यावर व्हेंडर म्हणतील की याने किंमत वाढेल. थोडी वाढेल, हे मला मान्य आहे. साधं पोस्टग्रेस वापरणं, सर्व्हरची मांडणी स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवणं, किल्ल्या बाहेर ठेवणं याला सुरुवातीला जास्त वेळ लागतो. पण पाच वर्षांनी नवं टेंडर निघतं तेव्हा जुनाच ठेकेदार 'डेटा आमच्याकडेच आहे' या जोरावर पुन्हा येतो आणि म्हणेल तो दर लावतो. तो पैसा आज कुठल्याच खर्चाच्या रकान्यात दिसत नाही, पण करदाता तो भरतोच आहे.

आणि परिपत्रक निघेपर्यंत थांबायचीही गरज नाही. सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत होतात. अहवाल घरी येतो, त्यात ठेवी, कर्जं, थकबाकी, लाभांश असं सगळं छापलेलं असतं. सभासद म्हणून तुम्हाला प्रश्न लेखी देता येतो. यंदा एक प्रश्न द्या: आमच्या खात्यांची प्रत दुसऱ्या पुरवठादाराकडून शेवटची कधी उघडून पाहिली, तेरीज जुळायला किती तास लागले, आणि ती तारीख पुढच्या अहवालात थकबाकीच्या आकड्याशेजारी छापाल का? अध्यक्षांना उत्तर माहीत नसेल तर ते व्यवस्थापकांना विचारतील, व्यवस्थापक व्हेंडरला. व्हेंडर ज्या दिवशी पहिल्यांदा ती फाइल उघडायला बसेल, त्या दिवशी तिची किल्ली कुठे आहे ते कळेल.